उन्हाळ्यात स्क्रबरचं मिथेन घसरतं, तर पाण्यात नॅनोकण टाकावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंब तालुक्यात प्रेसमडवर, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळावर, चालणारा सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्रकल्प आहे. ताशी १०० नॉर्मल घनमीटर कच्चा बायोगॅस येतो, त्यात साधारण ४० टक्के कार्बन डायऑक्साइड. पाण्याचा स्क्रबर, म्हणजे गॅसमधला कार्बन डायऑक्साइड (सीओटू) पाण्याने धुऊन काढणारा टॉवर, गेजवर ७ बारला चालतो, फिरतं पाणी ताशी २४ घनमीटर, टाकी १० हजार लिटरची आणि पाणी बोअरचं. डिसेंबरात मिथेन ९४-९५ टक्के मिळतं. एप्रिल-मेमध्ये पाणी ३९ अंशांवर गेलं की ते ८८ पर्यंत उतरतं आणि गॅस नाकारला जातो. एका पुरवठादाराने सांगितलंय की पाण्यात ०.१ टक्का नॅनो-ॲल्युमिना किंवा नॅनो-सिलिका मिसळा, शोषण ३० टक्क्यांनी वाढेल. घ्यावं का?

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझं उत्तर: आत्ता घेऊ नका. नॅनोफ्लुइड, म्हणजे असे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव, ही भानगड खोटी आहे म्हणून नव्हे. ती ज्या दुखण्यावर लागू पडते ते दुखणं तुमच्या टॉवरला बहुधा नाहीच. 'बहुधा' म्हणतो, कारण दोन-तीन मोजमापं तुम्ही दिलेली नाहीत आणि निर्णय त्यांच्यावरच आहे.

शोषणात दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या असतात. एक, पाणी जास्तीत जास्त किती सीओटू धरू शकतं, म्हणजे त्याची क्षमता. ती ठरते तापमान आणि वायूच्या दाबावर. दुसरी, त्या मर्यादेपर्यंत पाणी किती वेगाने पोहोचतं. नॅनोकण दुसऱ्या गोष्टीला हात लावतात, पहिलीला जवळजवळ नाही. टाकी भरणारा नळ मोठा बसवला म्हणून टाकीत जास्त पाणी मावत नाही, तसंच हे.

आता तुमचा हिशोब मांडू. ४० घनमीटर सीओटू म्हणजे ताशी सुमारे ७८.६ किलो. गेजवर ७ म्हणजे निरपेक्ष दाब ८ बार, त्यात सीओटूचा वाटा ४० टक्के, म्हणजे ३.२ बार. या दाबाला २४ अंशांचं पाणी लिटरमागे साधारण ४.९ ग्रॅम सीओटू धरतं, तर ३९ अंशांचं फक्त ३.३४ ग्रॅम. म्हणजे सगळा सीओटू उचलायला थंडीत किमान १६ घनमीटर पाणी लागतं आणि मे महिन्यात साडेतेवीस. तुमचा पंप देतो २४. हिवाळ्यात तुमच्याकडे दीडपट पाणी आहे, उन्हाळ्यात शिल्लक जवळपास शून्य. टॉवर कितीही उंच असो, त्यात कणांचा कसलाही काढा घाला, इथे पाणीच भरलेलं आहे. आणि ते २४ घनमीटर खरंच मिळतात का, तेही फ्लोमीटरवर बघा. इम्पेलर झिजलेला असेल तर नेमप्लेटवरचा आकडा उपयोगाचा नाही.

शंका येईल की कण स्वतःच सीओटू धरून ठेवत असतील, मग क्षमता का वाढू नये? ०.१ टक्का म्हणजे लिटरमागे १ ग्रॅम कण. पाण्यात बुडालेल्या सिलिकाचा पृष्ठभाग आधीच पाण्याने व्यापलेला असतो. तरी उदार होऊन धरू की एक ग्रॅम कण ०.०५ ग्रॅम सीओटू धरतील. ३.३४ ग्रॅमच्या तुलनेत ही भर दीड टक्क्याची. ३० टक्के कुठे आणि दीड कुठे.

पण हा सगळा हिशोब 'घसरण सीओटूमुळेच आहे' असं धरून केलाय. मिथेन ८८ म्हणजे सीओटू १२ असं नसतं. ॲनालायझरवर सीओटू, ऑक्सिजन आणि उरलेला 'बॅलन्स' तिन्ही लिहून काढा. प्रेसमडच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड भरपूर असतो, म्हणून बरेच जण डायजेस्टरमध्ये थोडी हवा सोडून त्याचं गंधक करतात. १०० घनमीटर गॅसमागे ४ घनमीटर हवा सोडली तर तिच्यातला सुमारे ३ घनमीटर नायट्रोजन तसाच पुढे येतो, आणि सीओटू निघून गेल्यावर तयार गॅसमध्ये तो ५ टक्के होऊन बसतो. स्क्रबर त्याला हात लावत नाही. स्ट्रिपरच्या, म्हणजे हवा सोडून पाण्यातला सीओटू घालवणाऱ्या टॉवरच्या, पाण्यात विरघळून येणारी हवा मात्र अर्धा-पाऊण टक्क्याच्या वर जात नाही. बॅलन्स त्याहून बराच जास्त दिसला तर हवेचं डोझिंग किंवा सक्शनची गळती शोधा. बायोगॅसच्या आयएस १६०८७ या भारतीय मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के, सीओटू जास्तीत जास्त ४ आणि ऑक्सिजन ०.५ टक्के हवा. तेव्हा गॅस नेमका कोणत्या आकड्यावर नाकारला गेला हेही विचारून घ्या.

गॅसचं झालं की पाण्याकडे वळा. टॉवरच्या बुडातून निघणारं पाणी खरंच भरलेलं आहे का, ही चाचणी मी सर्वात महत्त्वाची मानतो आणि ती प्रकल्पावरच होते. प्रेशर कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी एक नीडल व्हॉल्व्ह आणि ६ मिलिमीटरची स्टीलची नळी लावा. नळीचं वेटोळं बर्फात ठेवा, नाहीतर दाब सुटताच वायू उडून जातो. ५०० मिलिच्या बाटलीत ०.५ नॉर्मल कॉस्टिक सोडा १०० मिलि घ्या, बाटलीचं वजन करा. नळीचं टोक सोड्याच्या पातळीखाली बुडवून साधारण १०० मिलि पाणी सावकाश आत येऊ द्या. बुडबुडे वर फुटत असतील तर नमुना गेला, फेकून द्या आणि व्हॉल्व्ह आणखी बारीक करून पुन्हा घ्या. परत वजन करा, म्हणजे नमुना नेमका किती आला ते कळेल. आता त्यात १० टक्के बेरियम क्लोराइड ५० मिलि घाला. पांढरा साका बसतो. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाकून ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी रंग जाईपर्यंत हळूहळू टायट्रेट करा. घाई करून आम्ल ओतलं तर साकाच विरघळायला लागतो आणि आकडा चुकतो. हेच सगळं टाकीतल्या अशा पाण्यावर करा ज्यात तासभर हवा सोडून मोकळा सीओटू घालवलाय. तो तुमचा ब्लँक. बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट त्याने वजा होतो.

ब्लँकचे मिलि वजा नमुन्याचे मिलि, गुणिले ०.५, गुणिले २२, भागिले नमुन्याचे मिलि. उत्तर लिटरमागे ग्रॅममध्ये येतं. ब्लँकला ९७ आणि १०० मिलि नमुन्याला ६७ मिलि आम्ल लागलं तर ३.३ ग्रॅम. ३९ अंशांना हे पाणी शिगोशीग भरलेलं आहे. हे काम उघड्यावर, चष्मा-हातमोजे घालून करा. पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि बेरियमचे क्षार विषारी असतात.

आकडा क्षमतेच्या ९० टक्क्यांवर असेल तर विषय संपला, पाणी थंड करा किंवा वाढवा. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर पाणी आणि गॅसची गाठच नीट पडत नाहीये. तिथे 'वेग' हा प्रश्न आहे. पण त्याही वेळी आधी झाकण उघडून आत बघा. पाणी पसरवणारा डिस्ट्रिब्युटर एका बाजूला कललाय का, पॅकिंगवर (टॉवरमधल्या भरावावर) चुन्याचा थर, गंधक किंवा बुळबुळीत जैविक थर बसलाय का. उन्हाळ्यात हा थर झपाट्याने वाढतो. पॅकिंगचं निम्मं क्षेत्र कोरडं असेल तर नॅनोकण ते ओलं करत नाहीत.

तिसरं मोजमाप टॉवरच्या माथ्यावर येणाऱ्या पाण्याचं, म्हणजे स्ट्रिपरमधून परत आलेल्या पाण्याचं. गॅसमधला सीओटू ४ टक्क्यांवर आणायचा तर ८ बारला, ३९ अंशांना त्या पाण्यात लिटरमागे ०.३३ ग्रॅमपेक्षा बराच कमी सीओटू असायला हवा. ब्लोअरचा पट्टा ढिला पडला, हवेची जाळी कचऱ्याने भरली, की इथे ०.४-०.५ ग्रॅम राहतो आणि मग ४ टक्के गाठणं कागदावरही शक्य होत नाही. शिवाय तेवढी क्षमता आधीच खर्च झालेली असते. ३.३४ मधून ०.३ गेले तर लागणारं पाणी २४ वरून जवळपास २६ घनमीटर होतं, जे तुमच्याकडे नाही. बऱ्याच ठिकाणी चूक स्ट्रिपरची असते आणि बोलणी टॉवरला बसतात.

आता नॅनोकण काय करतात ते सांगतो, म्हणजे पुरवठादाराशी बोलताना कामी येईल. वायू पाण्यात शिरतो तेव्हा पृष्ठभागालगत काही दहा मायक्रॉन जाडीचा संथ थर असतो, खरा अडथळा तोच. त्याहून कितीतरी लहान, २०-५० नॅनोमीटरचे कण या थरात ये-जा करतात. थोडा वायू अंगावर घेऊन आत सोडतात आणि थराला ढवळतातही. तिसरं काम म्हणजे बुडबुडे एकमेकांत मिसळू देत नाहीत, त्यामुळे ते बारीक राहतात आणि क्षेत्र वाढतं. प्रयोगशाळेतले मोठे आकडे पुष्कळदा या तिसऱ्या कारणाने येतात, कारण प्रयोग काचेच्या नळकांड्यात बुडबुडे सोडून केलेला असतो. तुमच्या टॉवरमध्ये बुडबुडे नाहीतच, पॅकिंगवरून ओघळणारा पाण्याचा पातळ पदर आहे. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा: ३० टक्के कशात मोजले, बुडबुड्यांच्या नळीत की पॅकिंगच्या टॉवरमध्ये? दुसरा: सुरुवातीच्या काही मिनिटांचा वेग सांगताय की स्थिर अवस्थेतला? आणि तिसरा, पाणी कोणतं होतं?

मराठवाड्यात हा तिसरा प्रश्न सगळ्यात जड. कण एकमेकांपासून दूर राहतात ते अंगावरच्या विद्युतभारामुळे. या भाराचं माप, झीटा पोटेन्शियल, साधारण ३० मिलिव्होल्टच्या वर, धन किंवा ऋण, असेल तर द्रव टिकतो. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आले की हा भार झाकला जातो आणि कण गुठळ्या करून तळाला बसतात. दोन भाराचे आयन एक भाराच्या आयनांपेक्षा कित्येक पटींनी कमी प्रमाणात हे काम करतात. आपल्याकडच्या बोअरची कठीणता ५००-६०० मिलिग्रॅम असणं काही नवलाचं नाही. ६०० म्हणजे लिटरमागे ६ मिलिमोल कॅल्शियम, इतकं पुरेसं होतं. त्यात बाष्पीभवनाने टाकीतलं पाणी दिवसेंदिवस आणखी क्षारट होत जातं.

भरीस भर, तुमच्या पाण्याचा पीएच स्थिर नाही. टॉवरमध्ये दाबाखाली तो साधारण ५ ते साडेपाच असतो, स्ट्रिपरमधून बाहेर पडताना सातच्या पुढे. टायटेनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) कणांचा भार ६ च्या आसपास शून्य होतो, म्हणजे दर फेरीत ते त्या बिंदूवरून दोनदा जाणार. बाजारात ३०-४० टक्क्यांचं तयार कोलॉइडल सिलिका मिळतं, ते पीएच ९-१० वर टिकवलेलं असतं. क्षार असलेल्या पाण्यात पीएच ५-६ ला त्याला गोठण्याची सगळ्यात जास्त ओढ असते, आणि तुमचा टॉवर बरोबर त्याच पट्ट्यात चालतो. ॲल्युमिना या पीएचला धनभारित राहतो खरा, पण पाण्यातले सल्फेट-कार्बोनेट त्याला गोळा करतात, आणि तो कठीण असल्याने पंपाचं मेकॅनिकल सील खातो. यावर उपाय म्हणून 'सर्फॅक्टंट घाला' असा सल्ला मिळाला तर नको म्हणा. एसडीएससारखा साबण कॅल्शियमबरोबर साका होऊन बसतो, आणि जो उरतो तो स्ट्रिपरच्या हवेने फेस करतो. फेस टॉवरमध्ये चढला की पाणी गॅसबरोबर वर उडतं आणि ड्रायरची माती होते.

विश्वास ठेवायचा नसेल तर एक दिवसाची साधी परीक्षा घ्या. एक लिटरच्या दोन मापनळ्या घ्या, एकीत आरओचं पाणी, दुसरीत तुमच्या टाकीतलं. दोन्हींत पुरवठादाराचा द्रव सांगितल्या प्रमाणात मिसळा. मग दोन्हींत आळीपाळीने दहा मिनिटं सीओटू आणि दहा मिनिटं हवा सोडा, अशा निदान दहा फेऱ्या, आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च मारा. चांगल्या द्रवात प्रकाशाचा पट्टा वरपासून खालपर्यंत सारखा दिसतो. टाकीच्या पाण्यात वरचा भाग निवळ आणि बुडाला बोटभर धुरकट थर दिसला, तर तोच थर उद्या तुमच्या कार्ट्रिज फिल्टरमध्ये आणि नोझलमध्ये असणार. १० हजार लिटरला ०.१ टक्का म्हणजे १० किलो कण. ते एकदा टाकून भागत नाही, दर ब्लोडाउनबरोबर, म्हणजे क्षारट झालेलं पाणी काढून टाकताना, थोडे गटारात जातात आणि फिल्टरवर अडकतात ते वेगळेच.

मग करायचं काय? पाणी ३९ वरून ३१ अंशांवर आणा. ३१ अंशांना क्षमता लिटरमागे ४.०८ ग्रॅम होते, म्हणजे २२ टक्के वाढ, आणि किमान पाणी साडेतेवीसवरून १९ च्या आसपास येतं. इथे आपला कोरडा उन्हाळा मदतीला येतो. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना वेट बल्ब तापमान (बाष्पीभवनाने पाणी थंड होण्याची खालची मर्यादा) साधारण २४ असतं. कूलिंग टॉवर पाणी २८-२९ पर्यंत आणू शकतो, चिलरची गरज नाही. मात्र स्क्रबरचं पाणी थेट कूलिंग टॉवरवर सोडू नका. त्यातला सल्फाइड वास करतो आणि कूलिंग टॉवरच्या आतल्या भरावावर (फिल) गंधक साचतं. मध्ये स्टेनलेस स्टीलचा प्लेट हीट एक्स्चेंजर टाका, कूलिंग टॉवरचं पाणी वेगळं ठेवा. एक्स्चेंजरचे दोन-तीन अंश धरूनही ३१ गाठता येतात.

पाण्याची टंचाई हा रास्त आक्षेप आहे. एकदा तापमान खाली आलं की नंतर काढायची उष्णता मुख्यतः पंपाची, गॅसची आणि उन्हाची. ती २० किलोवॉट धरली तर ताशी सुमारे ३० लिटर बाष्पीभवन, दिवसाला ७०० लिटर, आणि क्षार वाढू नयेत म्हणून ब्लोडाउन वेगळं. ज्या गावात टँकर चालू आहे तिथे हेही थोडं नाही, म्हणून आधी फुकटातलं करून घ्या. टाकीवर शेड टाका, उघड्या पाइपांना पांढरा रंग किंवा इन्सुलेशन द्या, कॉम्प्रेसरनंतरचा आफ्टरकूलर साफ करा म्हणजे टॉवरमध्ये गरम गॅस जाणार नाही. कूलिंग टॉवरची निवड मात्र मेच्या हवेवर करू नका. पहिला पाऊस पडल्यावर जूनमध्ये हवा दमट होते, वेट बल्ब वर चढतं, मोठा टॉवर तेव्हाच लागतो.

दाब एका बारने वाढवला तर क्षमता साडेबारा टक्क्यांनी वाढते. व्हेसल आणि सेफ्टी व्हॉल्व्हची मर्यादा तपासूनच तिकडे जा. पाणी किंवा दाब वाढवला की विरघळणारं मिथेनही वाढतं. सीओटू मिथेनपेक्षा सुमारे २५ पट विरघळत असला तरी फ्लॅश टँकचा, म्हणजे दाब उतरवून पाण्यातलं मिथेन सोडवणाऱ्या टाकीचा, गॅस परत सक्शनला घेतला नाही, तर हे नुकसान रोजच्या उत्पादनात दिसायला लागतं.

नॅनोफ्लुइडला जागाच नाही असं मी म्हणत नाही. एमडीईए (एक अमाइन) किंवा पोटॅशियम कार्बोनेटसारख्या सावकाश क्रिया करणाऱ्या द्रावणांत, बुटक्या टॉवरमध्ये, मेम्ब्रेन कॉन्टॅक्टरमध्ये, जिथे वेगच कमी पडतो आणि पाणी डीमिनरलाइज्ड असतं, तिथे ०.०२ ते ०.१ टक्का मात्रेवर फायदा दिसू शकतो. मात्रा वाढवली की फायदा वाढत जातो असंही नाही. एका मर्यादेनंतर द्रव घट्ट होतो, गुठळ्या वाढतात आणि आकडा उलटा फिरतो. द्रावण तापवून सीओटू बाहेर काढताना कणांवर बुडबुडे लवकर धरतात, तोही एक उपयोग आहे. मिथेनॉलमधल्या ॲल्युमिना-सिलिकाच्या प्रयोगांत ०.०१ टक्का मात्रेला चार-पाच टक्क्यांची वाढ नोंदलेली आहे. माझा भरवसा अशा लहान आकड्यांवर जास्त बसतो.

एवढं करूनही व्यवस्थापनाला चाचणी घ्यायचीच असेल तर अटी लेखी ठेवा. आधी आठवडाभर कणांशिवाय, मग आठवडाभर कणांसह, पाण्याचं तापमान, प्रवाह, दाब आणि कच्च्या गॅसचा सीओटू जुळणाऱ्या तासांचीच तुलना. मिथेनऐवजी बुडातल्या पाण्याचा टायट्रेशनचा आकडा आणि वरच्या गॅसचा सीओटू हे निकष धरा, आणि दोन्ही आठवड्यांआधी ॲनालायझर कॅलिब्रेशन गॅसवर तपासा. पुरवठादार द्रवाबरोबर सर्फॅक्टंट देत असेल तर एक दिवस नुसत्या सर्फॅक्टंटचाही घ्या. फिल्टरचा दाबफरक आणि पंपाच्या सीलची गळती रोज लिहा. पैसे निकालानंतर. द्रव तयारच मागवा, कोरडी भुकटी शेडमध्ये उघडू नका, ती श्वासातून फुफ्फुसात जाते. आणि ब्लोडाउन तुम्ही डायजेस्टरला किंवा सेंद्रिय खताला परत देत असाल तर तांबं, जस्त किंवा चांदीचे कण असलेला कुठलाही द्रव प्रकल्पात शिरूच देऊ नका. स्क्रबरचं मिथेन वाढवायच्या नादात मिथेन तयार करणारे जिवाणूच मरतील.